सिपनाच्या पात्रात, मे 1990

अकोल्याच्या मीटरगेज फलाटावर उभे राहा. साल 1990, महिना मे. पहाटेचा गारवा आहे तोवर खंडव्याकडची पॅसेंजर गाठायची. डब्यात तेंदूपत्त्याच्या हंगामाला निघालेले मजूर, खिडकीला टांगलेल्या छागला, बिडीचा धूर. अकोटपर्यंत दोन्ही बाजूंना कपाशीची काळी जमीन, नांगरून उन्हात तापत टाकलेली. हिवरखेड मागे पडलं की सातपुडा अंगावर येतो आणि रूळ वान नदीच्या खोऱ्यात शिरतात. धूळघाटजवळ चढ इतका, की गाडी वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरच्या पुलावर येते. खाली वाकून पाहा, मघाशी आलात तो मार्ग दिसेल. तुमच्या काळात ही जंगलातली गाडी बंद झालेली आहे, तेव्हा नीट बघून घ्या.

धूळघाटला उतरून धारणी, हरिसाल करत कोलकासला पोहोचायचं. विश्रामगृहाच्या खाली सिपना वळण घेते. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या मेळघाटच्या पाच नद्या, सगळ्या तापीला मिळणाऱ्या. उन्हाळ्यात त्या वाहत नाहीत, डोहाडोहांत थांबून राहतात. सगळं रान त्या डोहांवर जगतं.

या खोऱ्यांत हिंडणाऱ्या एका माणसासाठी तुम्ही इथे आला आहात. मारुती चितमपल्ली, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक. जन्म सोलापूरचा, 5 नोव्हेंबर 1932. आई आणि लिंबामामा यांनी लहानपणीच रानाची ओढ लावली, पुढे कोइमतूरला वनशास्त्राचं शिक्षण झालं. पण त्यांचं पाखरांचं खरं शिक्षण झालं नवेगाव बांधला, माधवराव पाटील डोंगरवार यांच्या सहवासात. वनखात्यातला अधिकारी गावच्या पाटलाकडून पक्षी शिकतो, हे मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा मोठं वाटतं. हे वर्ष त्यांच्या निवृत्तीचं आहे.

सकाळी साडेपाचला पात्रात उतरा. मध्ये बोलू नका, त्यांच्या मागून चाला. पुढे वनरक्षक, त्याच्या काखेत लाकडी चौकटीत बसवलेली काच. बरोबर एक कोरकू म्हातारा, अनवाणी. डोहाच्या कडेला बारीक ओली वाळू आहे, तिथे म्हातारा थांबतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "कुला." वाघ.

वाळूत पंजा उमटलेला आहे. वनरक्षक चार ठसे सोडून पाचव्यापाशी बसतो, कारण मोजायचा असतो तो मागचा डावा पंजा. काच ठशावर बेताने धरायची आणि डोळा बरोबर वर ठेवून स्केचपेनने कड गिरवायची. मान जरा तिरपी झाली की रेघ सरकते आणि कागदावर भलताच वाघ तयार होतो. नराचा मागचा पंजा चौकोनी भरतो, मादीचा लांबट, बोटं निमुळती. हा लांबट आहे. काचेवरून ती आकृती मग कागदावर उतरवली जाते, खाली तारीख आणि नाल्याचं नाव. यंदाची व्याघ्रगणना अशाच कागदांवर उभी आहे. झाडाला बांधलेले कॅमेरे यायला अजून वेळ आहे.

आता वाका, अगदी जवळून बघा. ठशाच्या टाचेवरून एक केसाएवढी रेघ गेली आहे. रात्री हिंडणारा कुठलासा किडा तिथून गेला. म्हणजे वाघीण आधी गेली, किडा मागून. म्हातारा बोट न लावता ती रेघ दाखवतो, "आधी रातला गेली जी, पाहाटी नाय." हे कुठल्या वनमहाविद्यालयाच्या पुस्तकात नाही. असल्या म्हाताऱ्यांचं ऐकून घेणं आणि ते टिपून ठेवणं, याच्यावर चितमपल्लींचं सगळं लेखन उभं राहिलं. 'रानवाटा' यायला अजून एक वर्ष आहे, 'पक्षिकोश' आणि 'निळावंती' यायला बारा. 2006 मध्ये हा वनाधिकारी सोलापूरच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा अध्यक्ष असेल. 2025 मध्ये पद्मश्री मिळेल आणि त्याच वर्षी 18 जूनला सोलापुरातच तो जाईल. यातलं काही सांगायला तुम्हाला परवानगी नाही.

ऊन चढतं. साग निष्पर्ण उभा आहे, ऐन-धावड्यांच्या सालींवर उन्हाची पिवळी झाक. मधूनच एखादा बहावा फुललेला. भरदिवसा, सागाच्या उघड्या फांदीवर एक लहान घुबड बसलेलं दिसतं. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचं डोकं जवळजवळ कोरं आहे. शेपूट झटकतं, पुन्हा गप्प बसतं.

तुम्हाला घाम फुटायला हवा. हा रानपिंगळा. 1873 मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूमने त्याचं वर्णन लिहिलं आणि 1884 नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नाही. मायनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलने संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना 1914चा म्हणून गुजरातच्या नावावर खपवला, त्यामुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पुस्तकांनी या पक्ष्याची आशा सोडत आणली आहे. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिचे दोन सोबती 1997च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ त्याला पुन्हा पाहतील, पुढच्या पाहण्यांत तो मेळघाटात सापडेल आणि हे जंगल त्याच्या मोठ्या आश्रयस्थानांपैकी एक ठरेल. पण सात वर्षं आधीही तो इथेच बसला आहे, उंदीर-सरडे मारतो आहे, सागाच्या ढोलीत पिलं वाढवतो आहे. या रानात जळण वेचणाऱ्या, मोहफुलं गोळा करणाऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोरून तो रोज जात असणार. त्यांना विचारायला कुणी आलं नाही, एवढंच.

ही माणसं आपली माहिती घेऊन कुठे जातात, तेही बघून ठेवा. बोरी, कोहा, कुंड ही गावं पुढे वाघांसाठी जंगलातून उठून खाली मैदानात जातील. वाघाला निवांत रान मिळेल, त्याचा मला आनंद आहे. पण किड्याची रेघ वाचणारा म्हातारा कपाशीच्या शेतात गेला, की त्याच्या नातवाला ती कोण दाखवणार? तीन वर्षांनी, 1993 मध्ये, याच दऱ्यांतल्या कुपोषित मुलांच्या मृत्यूंनी अख्खा महाराष्ट्र हादरेल. इथल्या वाघांच्या बातम्या तोवर मुंबईपर्यंत कितीतरी वेळा गेलेल्या असतील.

म्हातारा डोहाकाठी बसून पळसाच्या पानाचा द्रोण करतो आहे. त्याच्याजवळ बसा. फांदीकडे बोट करून विचारा, दिवसा बसणारं घुबड ते हेच का, आणि रात्री ओरडतं ते वेगळं का. तो मान हलवतो, "हाओ, दोन येगळे हायेत," आणि सांगू लागतो. वही काढा.