टायफूनवरचा पहारा : ग्वाम ते पर्ल हार्बर

१८ डिसेंबर १९४४. फिलिपिन्सच्या पूर्वेला अमेरिकेचं तिसरं आरमार टायफूनच्या तडाख्यात सापडलं. 'हल', 'स्पेन्स' आणि 'मोनाघन' या विनाशिका बुडाल्या. सुमारे ७९० माणसं गेली. सेनापती अ‍ॅडमिरल हॅल्सी यांच्या दिमतीला कमांडर जॉर्ज कॉस्को हे हवामानतज्ज्ञ होते. विद्येत कमी नव्हते. कमी होती ती निरीक्षणांची. एवढ्या अफाट समुद्रावरून येणार मोजक्या नोंदी, त्याही उशिरा. वादळाचं केंद्र सांगायचं कशाच्या जोरावर? चौकशीत ठपका हॅल्सींवर आला, शिक्षा मात्र झाली नाही. जून १९४५ मध्ये तेच आरमार पुन्हा एका टायफूनमध्ये सापडलं!

असे दोन फटके बसल्यावर टायफूनवर नजर ठेवणारी यंत्रणा ग्वाम बेटावर उभी राहू लागली. १ मे १९५९ रोजी नौदल आणि हवाई दल यांचं संयुक्त टायफून इशारा केंद्र, म्हणजेच जेटीडब्ल्यूसी, तिथेच सुरू झालं. दर सहा तासांनी इशारा काढायचा. वादळ कुठे आहे, कुठे जाईल, किती जोर धरेल. त्यावरून जहाजं बंदरातून बाहेर काढायची की नाही हे ठरणार. विनाकारण हलवली तर खर्च, नाही हलवली तर नुकसान. लष्करी हवामानतज्ज्ञाची खरी परीक्षा इथे असते.

केंद्राचा सोन्याचा काळ म्हणजे विमानांचा काळ. वैमानिक थेट वादळाच्या डोळ्यात शिरून हवेचा दाब मोजून आणत. ऑक्टोबर १९७९ मध्ये 'टिप' या टायफूनमध्ये ८७० हेक्टोपास्कल दाब नोंदला गेला. समुद्रसपाटीवर याहून कमी दाबाची नोंद आजही नाही. या कामाची किंमतही मोजावी लागली. ऑक्टोबर १९७४ मध्ये 'बेस' वादळाच्या पाहणीला गेलेलं विमान सहा जणांसह परतलंच नाही.

१९८७ मध्ये ही उड्डाणं थांबली. तेव्हापासून मुख्य भिस्त उपग्रहांवर. ढगांच्या आकारावरून वाऱ्याचा वेग ताडायची व्हर्नन ड्व्होराक यांची पद्धत कामी येते. पद्धत उत्तम, पण शेवटी तो अंदाजच. २०१३ च्या 'हैयान'चा वेगही असाच ठरवलेला. माझ्या मते विमानं थांबवणं ही महागात पडलेली काटकसर होती.

१९९९ मध्ये केंद्र हवाईतल्या पर्ल हार्बरला हललं. त्याच्या कक्षेत अरबी समुद्रही येतो. म्हणूनच चक्रीवादळ आलं की त्याचे नकाशे आपल्याकडे मोबाइलवर फिरू लागतात. त्यातला वारा एका मिनिटाच्या सरासरीचा, आपल्या हवामान खात्याचा तीन मिनिटांच्या. त्यामुळे तिकडचे आकडे सहसा मोठे दिसतात. शिवाय ते इशारे अमेरिकी सैन्यासाठी काढलेले असतात. कोकणातल्या मच्छीमाराने होडी काढायची की नाही, हे हवामान खात्याचा इशारा आणि बंदरातला बावटा पाहूनच ठरवावं.