अजिंठ्याची फुले आणि तैलरंगातील नकला

फाल्गुनात पांढुर्णा व सौंसरच्या शिवारात पळस पेटतो आणि थोड्याच दिवसांत त्याचा सडा जमिनीवर पडतो. कोमेजणारे फूल टिकवून धरावे ही मानवाची जुनी इच्छा होय. युरोपात सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी फुलदाणीशेजारी कवटी रंगवून जीविताची क्षणभंगुरता सुचविली. आपल्या मराठी मुलुखात एकोणिसाव्या शतकातील पुष्पांकित तैलचित्रांचा एक मोठा संच वेगळ्याच कारणाने निर्माण झाला.

मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तेथे १८६५ साली आलेले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला कॅनव्हासवर तैलरंगात उतरविल्या. पहिल्या लेण्याच्या छतावरील चौकटींत कमळे, वेली, फळे व हंस आहेत. त्यांच्याही नकला झाल्या. ही फुलदाणीतील वस्तुचित्रे नव्हेत. तथापि फुलांकडे इतक्या एकाग्रतेने पाहण्याची शिस्त तीच होती.

या कार्यामागे भीती होती. रॉबर्ट गिल यांच्या पूर्वीच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ साली तेथील आगीत त्यांपैकी पुष्कळ नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला.

परंतु याहून गंभीर हानी सद्हेतूने झाली. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नकलाकारांनी मूळ भिंतींवर व्हार्निश लावले. कालांतराने ते पिवळे पडून काळवंडले व ज्या रंगांना उजाळा द्यावयाचा होता तेच त्याखाली झाकले गेले. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी लावलेल्या लाखेच्या लेपानेही तसाच त्रास दिला.

पाळक व धर्मशिक्षक यांनी या इतिहासाचे मनन करावे. आपल्या मंदिरातील जुने चित्र किंवा बाप्तिस्म्याची जीर्ण नोंदवही हाती येताच तिला चकाकी आणण्याचा मोह होतो. प्रथम तिची प्रत करावी, ती दोन ठिकाणी ठेवावी आणि मूळ वस्तूस जाणकारावाचून हात लावू नये. वारसा सुपूर्द करणारा कारभारी असतो, धनी नव्हे. रानफुलांकडे पाहा, असे प्रभूने शिष्यांस सांगितले. त्यांना रंग चढवा, असे सांगितले नाही.