घटस्फोट आणि इर्तिदाद

‘घटस्फोट’ हा शब्द आज उच्चारला की दिवाणी न्यायालय, वकील आणि परस्परांना विटलेले एक जोडपे डोळ्यांपुढे येते. वस्तुतः या शब्दाचा विवाहाशी मुळात काहीही संबंध नव्हता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतिताच्या बहिष्काराचा एक विधी सांगितला आहे. सपिंडांनी व बांधवांनी गावाबाहेर, निंद्य दिवशी, सायंकाळी एकत्र जमावे. ऋत्विज आणि गुरू यांच्या समक्ष दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडावा. आणि आप्तांनी मृताचे पाळावे तसे एक अहोरात्र अशौच पाळावे. त्या क्षणापासून त्या माणसाशी बोलणे, त्याच्या शेजारी बसणे, त्याला दायभाग देणे आणि त्याच्याशी लौकिक व्यवहार ठेवणे ही सर्व बंद. माणूस श्वास घेत असतो, पण कुळाच्या वहीत तो मेलेला असतो. या कर्माचे नाव घटस्फोट. (घट लवंडण्याचे काम दासीकडे का दिले असावे, याचा खुलासा स्मृतिकार करीत नाही. जिला स्वतःचा धर्म कोणता हे कोणी कधी विचारले नसेल, तिच्याच पायाने दुसऱ्याचा धर्मसंबंध तोडावयाचा, ही व्यवस्था मात्र मन लावून वाचावी अशी आहे.)

दुसरा शब्द आपण कचेरीत रोज वापरतो : ‘रद्द’. अर्ज रद्द, नेमणूक रद्द. हा शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा अरबी धातू ‘परत फिरणे, फिरविणे’ या अर्थाचा. त्याच धातूपासून इस्लामी धर्मशास्त्रातील ‘रिद्दा’ आणि ‘इर्तिदाद’ म्हणजे धर्मत्याग, व ‘मुर्तद’ म्हणजे धर्म सोडून मागे फिरलेला, हे शब्द झाले आहेत. मराठीने धर्मत्यागाचे दोन्ही शब्द घेतले आणि दोहोंतून धर्म काढून टाकला. एकाचा घरगुती कज्जा केला, दुसऱ्याचा कारकुनी शेरा.

हा शब्दविचार केवळ व्युत्पत्तीच्या हौसेपोटी केलेला नाही. मुस्लिमबहुल देशांतील धर्मत्यागविषयक कायद्यांची चर्चा निघाली म्हणजे ती सहसा फाशीपाशी येऊन थांबते. फाशी काल्पनिक आहे असे नव्हे. सुदानमध्ये महमूद मुहम्मद ताहा या वृद्ध विचारवंताला १८ जानेवारी १९८५ रोजी धर्मत्यागी ठरवून फाशी देण्यात आली, आणि विशेष हे की त्या वेळी तेथील दंडसंहितेत धर्मत्यागाचे कलमच नव्हते. ते १९९१ मध्ये आले आणि २०२० मध्ये गेले. तथापि धर्मत्यागाचा खरा दंड, जो हजारोंना भोगावा लागतो आणि ज्याची नोंद क्वचित होते, तो मृत्यूचा नसून घटस्फोटाचा आहे. आणि तोही या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. विवाह, वारसा आणि मूल या तीन ठिकाणी तो बसतो. हे समजून घेण्यास कैरो किंवा खार्टूम येथूनच आरंभ करण्याचे कारण नाही. झाशीच्या मुलखातील एका मराठी घरातून आरंभ करता येतो.

नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीच्या मुलखातील काशीपुरा या खेड्यात झाला. कुळ चित्पावन. घराणे बांद्याच्या नवाबांच्या, म्हणजे बाजीराव आणि मस्तानी यांच्या मुसलमान वंशजांच्या, पदरी होते. पुढे कुटुंब काशीस स्थायिक झाले आणि नीलकंठाचे शास्त्राध्ययन तेथेच झाले. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू मतावर ख्रिस्ती दृष्टीने आक्षेप घेतले होते. त्याला विशीही न ओलांडलेल्या या तरुण पंडिताने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतातच उत्तर दिले. ते १८४४-४५ चे वर्ष. त्यानंतर चार वर्षेही झाली नाहीत तोच, १४ मार्च १८४८ रोजी, जौनपूर येथे त्याच पंडिताचा बाप्तिस्मा झाला आणि तो नेहेम्या गोरे झाला. खंडन करता करता खंडिताकडे ओढला गेलेला असा दुसरा प्रकांड माणूस अव्वल इंग्रजी काळात शोधूनही सापडणे कठीण.

गोऱ्यांना कोणी फाशी दिली नाही. देण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु १८४८ मध्ये त्यांनी कायद्याच्या दृष्टीने काय गमावले, हे पाहण्याजोगे आहे. पतिताला दायभाग नाही हा शास्त्राचा नियम ब्रिटिश न्यायालयेही हिंदू कायदा म्हणून मान्य करीत. बंगालपुरता १८३२ च्या विनियमाने त्याला काहीसा पायबंद घातला होता. सर्वत्र लागू होणारा कायदा आला तो १८५० चा एकविसावा. धर्म सोडल्यामुळे किंवा जातीतून काढल्यामुळे कोणाचाही मालमत्तेचा वा वारशाचा हक्क बुडत असेल, तर तशी रूढी वा कायदा न्यायालयांनी अमलात आणू नये, एवढेच तो सांगत होता. बंगाल आणि मद्रास येथील हिंदूंनी त्याविरुद्ध अर्ज केले. त्यांचा मुद्दा सरसकट हास्यास्पद नव्हता. हिंदू कायद्यात वारसा हा पिंडदानाच्या कर्तव्याशी बांधलेला आहे. जो पिंड देणार नाही त्याने धन का घ्यावे, असा त्यांचा प्रश्न होता. सरकारने हा प्रश्न सोडविला नाही, तोडला.

परंतु हा कायदा ‘कंपनी सरकारच्या मुलखापुरता’ होता, आणि येथे बुंदेलखंडाचा नकाशा उपयोगी पडतो. १८५० मध्ये झाशीवर गंगाधरराव नेवाळकर राज्य करीत होते. तेथे तो लागू नव्हता. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली आणि कायदा तेथवर पोचला. झाशीला लागूनच असलेले समथर हे गुर्जर राजांचे संस्थान मात्र राहिले, ते स्वातंत्र्यानंतर विलीन होईपर्यंत. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे एकच बोली बोलणाऱ्या, एकमेकांत मुली देणाऱ्या गावांमधून एक अदृश्य रेषा गेली होती. तिच्या अलीकडे धर्म सोडणाऱ्याचा वाटा कायद्याने सुरक्षित होता. पलीकडे त्या कायद्याचा शब्द चालत नव्हता. धर्मस्वातंत्र्य हे मनाचे स्वातंत्र्य आहे असे आपण म्हणतो. ते कित्येकदा शिवेचे स्वातंत्र्य असते.

वाट्याचा प्रश्न कायद्याने सुटतो. पत्नीचा आणि मुलाचा सुटत नाही. मुंबईत १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि मूल बापाच्या हवाली झाले. मग प्रश्न निघाला : बापाने तरी त्याला पंक्तीला कसे घ्यावे? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला आणि सनातन मंडळींचा रोष ओढवून घेतला. गंमत अशी की मनूने परतीची वाट स्वतःच ठेवली आहे. प्रायश्चित्त झाल्यावर आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे आणि नवा घट पाण्यात सोडावा, असे पुढचेच श्लोक सांगतात. शास्त्राने नवा घट दिला होता. शास्त्रार्थ करणारे जुन्याचीच खापरे मोजीत बसले. त्याच सुमारास, १८४३ मध्ये, इस्तंबूल येथे इस्लाम स्वीकारून पुन्हा ख्रिस्ती झालेल्या एका आर्मेनियन तरुणाचा शिरच्छेद झाला, आणि ब्रिटिश वकील स्ट्रॅटफर्ड कॅनिंग यांनी १८४४ मध्ये सुलतानाकडून अशा शिक्षा यापुढे होऊ न देण्याचे आश्वासन मिळविले. इस्लामी शास्त्रातही परतीची वाट आहेच : बहुतेक धर्मशास्त्री मुर्तदाला पश्चात्तापासाठी अवधी द्यावा असे म्हणतात; हनफी पंथ स्त्रीला देहान्त दंड सांगत नाही. कुराणात धर्मत्यागाला ऐहिक शिक्षा नाही, ती हदीस आणि फिक्ह यांच्या आधारे उभी राहिली, हा मुद्दा आधुनिक मुसलमान विचारवंतांनी वारंवार मांडला आहे.

आता हिंदुस्थानातील मुसलमानांकडे वळू, कारण घटस्फोटाचे दोन्ही अर्थ येथे एकमेकांत मिसळतात. प्रचलित हनफी मताप्रमाणे पत्नीने इस्लाम सोडला की विवाह आपोआप तुटे. नवरा नांदवीत नाही, सोडीतही नाही आणि काझीची न्यायालये उरलेली नाहीत, अशा कोंडीत सापडलेल्या पंजाबातील काही स्त्रियांनी हीच वाट धरली. त्या धर्म सोडीत, विवाहातून सुटण्यासाठी! थोर धर्मशास्त्री मौलाना अश्रफ अली थानवी यांनी या प्रकाराने व्यथित होऊन मालिकी पंथाच्या आधारे स्त्रीला न्यायालयातून विवाह मोडता यावा अशी मांडणी केली, आणि त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. त्याने स्त्रीला विवाह मोडण्याची कारणे दिली. आणि चौथ्या कलमाने सांगितले की जन्माने मुसलमान असलेल्या विवाहितेच्या धर्मत्यागाने विवाह आपोआप तुटणार नाही. एक दार उघडले आणि दुसरे लावले. पहिल्याबद्दल या कायद्याची वाजवी प्रशंसा झाली आहे. दुसऱ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

इजिप्तमध्ये नेमके उलट घडले आणि त्याची झळ आपल्यासारख्या समीक्षेचा व्यवसाय करणाऱ्यांना विशेष जाणवावी. नस्र हामिद अबू झैद हे कैरो विद्यापीठात अरबी साहित्याचे प्राध्यापक. धर्मग्रंथ कसा वाचावा, भाषा आणि इतिहास यांच्या संदर्भात त्याचा अर्थ कसा लावावा, हा त्यांचा विषय; एरवी ज्याला आपण अर्थनिर्णयनाची समीक्षा म्हणू तोच. इजिप्तमध्ये धर्मत्यागाचा फौजदारी कायदा नाही. म्हणून विरोधकांनी, ज्यांचा या दांपत्याशी काहीही संबंध नव्हता त्यांनी, वेगळा दावा लावला : हा माणूस मुर्तद आहे, सबब त्याचा मुसलमान स्त्रीशी झालेला विवाह टिकत नाही. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने तो मान्य केला, १९९६ मध्ये सर्वोच्च पातळीवर तो कायम झाला. पती-पत्नी दोघेही नांदू इच्छीत होती. स्वतः अबू झैद आपण मुसलमान असल्याचे सांगत होते. दोघे हॉलंडमधील लायडन येथे गेली. एका समीक्षाग्रंथाला उत्तर म्हणून घट लवंडला गेला, इतकेच.

सुदानमध्ये २०१४ साली एका गर्भवती स्त्रीला धर्मत्यागाबद्दल देहान्ताची आणि व्यभिचाराबद्दल फटक्यांची शिक्षा झाली. व्यभिचार कोणाशी? स्वतःच्या नवऱ्याशी, तो ख्रिस्ती, म्हणून विवाहच नाही. शिक्षा पुढे रद्द झाली (तोच शब्द!), पण बाळंतपण तुरुंगातच झाले. मलेशियात लीना जॉय या स्त्रीला ओळखपत्रावरील ‘इस्लाम’ हा शब्द काढून हवा होता. ३० मे २००७ रोजी संघीय न्यायालयाने शरियत न्यायालयाच्या दाखल्यावाचून तो काढता येणार नाही असे ठरविले. तो शब्द असेपर्यंत तिला ख्रिस्ती पुरुषाशी विवाह करता येत नव्हता. फाशी नाही, फटके नाहीत. एक शब्द, आणि त्या शब्दामुळे बंद राहिलेले घर.

हे वाचून आपल्या हातून सुस्कारा सुटू नये. ‘अपॉस्टसी ॲक्ट’ हे शब्द नावातच असलेला एक कायदा भारतातच, सरगुजा संस्थानात, हिंदू राजवटीत झाला होता. रायगढचा १९३६ चा धर्मांतरविरोधी कायदा त्याच जातीचा. स्वतंत्र भारताच्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात धर्मांतरिताचा स्वतःचा हक्क राहतो, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या त्याच्या मुलांना हिंदू आप्तांच्या वारशातून वगळले आहे. त्याच वर्षीच्या पोटगीविषयक कायद्यात हिंदू न राहिलेल्या पत्नीचा विभक्त निवासाचा व पोटगीचा हक्क जातो. आणि समथर आज ज्या राज्यात आहे त्या उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यान्वये धर्म बदलू इच्छिणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्याकडे साठ दिवस आधी तसे निवेदन द्यावयाचे असते. आपल्या लगतच्या पूर्वधर्मात परतणाऱ्याला मात्र हा कायदा धर्मांतर मानीत नाही. फसवणूक आणि सक्ती यांना पायबंद हा त्याचा घोषित हेतू आहे. प्रौढ माणसाच्या मनाला साठ दिवसांची नोटीस का लागावी, याचे उत्तर त्या हेतूत सापडत नाही.

गोऱ्यांचे घर पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. त्यांना १८५३ मध्ये काशीस मुलगी झाली. पत्नी त्यानंतर लवकरच वारली. गोरे १८५४ मध्ये, पदच्युत आणि नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या दुलीपसिंग महाराजांबरोबर, पंडित म्हणून इंग्लंडला गेले. मुलगी, एलन लक्ष्मी, आधी एका निळीच्या मळेवाल्याच्या आणि नंतर एका पाद्र्याच्या इंग्रज कुटुंबात वाढली, इंग्लंडला गेली आणि १८८० मध्ये परतली, ती इंग्रजी भाषेतील भक्तिगीतांची कवयित्री म्हणून. तिच्या नावात लक्ष्मी राहिली. बापाने १८६० मध्ये हिंदीत ‘षड्दर्शन दर्पण’ लिहून आपल्याच पूर्वीच्या शास्त्रांचे खंडन केले. पंडिता रमाबाईंच्या १८८३ मधील धर्मांतरामागे त्यांच्या लेखनाचा हात होता. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी ते मुंबईस वारले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, त्याच शहरात, नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. त्यांच्या घराचे पुढे काय झाले हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे आपल्याला ठाऊक आहे. धर्मत्यागाचा दंड स्वयंपाकघरात कसा वसूल होतो याची इतकी तपशीलवार साक्ष अन्य भाषांत प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. गोऱ्यांच्या लक्ष्मीबाईने असे काही लिहून ठेवले नाही.

‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, म्हणजे गोऱ्यांनी स्वतःच टाकून दिलेले पुस्तक, सदाशिव कात्रे यांनी संपादून १९५१ मध्ये उज्जयिनीच्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेतर्फे प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावरचे नाव नीलकंठ गोरे असेच आहे.