दीर्घायुष्याची आनुवंशिकता : वंशावळींची साक्ष

दीर्घायुष्य विशिष्ट घराण्यांत उतरत जाते, ही समजूत पुरातन होय. तिची संख्याशास्त्रीय परीक्षा मात्र अर्वाचीन आहे. १८९९ ते १९०१ ह्या काळात मेरी बीटन व कार्ल पियर्सन ह्यांनी इंग्लंडमधील सरदार घराण्यांच्या आणि क्वेकर कुटुंबांच्या नोंदी तपासल्या. आप्तांच्या आयुर्मानांत त्यांना संबंध आढळला, पण तो क्षीण होता.

टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांचा १९१८ मधील निष्कर्ष अधिक ठसठशीत होता. कनेक्टिकटमधील विल्यम हाइड ह्याच्या वंशजांची वंशावळ १८६४ मध्ये छापली गेली होती. बेल ह्यांनी तिचाच आधार घेतला. आईबाप दोघेही ऐंशीपुढे जगले असल्यास संततीचे सरासरी आयुष्य ५२.७ वर्षे, दोघेही साठीपूर्वी वारले असल्यास ३२.८ वर्षे! परंतु हे अंतर केवळ रक्ताचे मानता येत नाही. इतक्या अल्प सरासरीत बालमृत्यूंचा वाटा मोठा असणार. आणि मुलास आईबापांकडून रक्ताबरोबर घर, अन्न व दारिद्र्यही मिळते.

हा गुंता सोडविण्यास जुळ्यांचा उपयोग झाला. १८७० ते १९०० ह्या काळात जन्मलेल्या डॅनिश जुळ्यांच्या २,८७२ जोड्यांवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश ठरला (१९९६). २०१८ मध्ये संशोधन पुन्हा वंशावळींकडे वळले. ह्या खेपेस व्यक्तींची संख्या ४० कोटींहून अधिक होती. तीत एक मार्मिक गोष्ट उघड झाली : रक्ताचे नाते नसलेल्या मेहुण्या-मेहुण्यांची आयुर्मानेही एकमेकांशी जुळतात. बरोबरीच्या घराशीच सोयरीक जोडण्याची चाल ह्याच्या मुळाशी आहे. तिचा परिणाम वजा करता आनुवंशिकतेचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आला. बेल ह्यांच्या कोष्टकांत सोयरिकीचा हा प्रश्न उपस्थितच झाला नव्हता.

तथापि हे अनुमान सर्वसामान्य आयुर्मानाचे आहे. शतायुषींस ते जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. अमेरिकेतील शतायुषींच्या भावंडांच्या पाहणीत (२००२) त्यांचे भाऊ शंभरी गाठण्याची शक्यता समकालीनांच्या निदान १७ पट, तर बहिणींची निदान ८ पट आढळली. अर्थात भावंडांचे बालपणही एकाच घरात गेलेले असते. जनुकांचा शोध मात्र तुटपुंजा ठरला आहे. फ्रेंच शतायुषींत 'एपीओई' जनुकाचे ई-४ हे रूप विरळ असल्याचे १९९४ मध्ये दिसले. हेच रूप अल्झायमर व हृद्रोग ह्यांचा धोका वाढविते. हवाईतील जपानी वंशाच्या पुरुषांत २००८ मध्ये 'फॉक्सओ-३' जनुकाचा संबंध आढळला. निरनिराळ्या लोकसमूहांत वारंवार पडताळून टिकलेली नावे ह्या दोहोंपलीकडे फारशी जात नाहीत.