बर्फ तोलणारी नळी

डोंगरावर पाच फूट बर्फ साठला, एवढ्यावरून उन्हाळ्यात नदीला पाणी किती येईल ते सांगता येत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा इंचांतून जेमतेम इंचभर पाणी निघतं. वसंतात दबलेल्या, भिजलेल्या बर्फाच्या तेवढ्याच थरात चार-पाच इंच पाणी असतं. तेव्हा बर्फ मोजून भागत नाही, तोलावा लागतो. ही रीत अमेरिकेत बसवली ती नेवाडा विद्यापीठात ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या जेम्स चर्च या प्राध्यापकांनी.

टाहो सरोवराच्या मुखाशी बांध होता. तिथून निघणाऱ्या ट्रकी नदीच्या खालच्या अंगाला शेतीला आणि वीजघरांना पाणी हवं होतं. काठावरच्या लोकांना सरोवर फुगायला नको होतं. दारं कधी उघडायची, यावरून भांडणं होत, कारण बर्फातून किती पाणी येणार ते आधी कळत नसे. रीनोजवळच्या माउंट रोझवर, 3,285 मीटर उंचीवर, चर्च यांनी वेधशाळा उभारली होती. तिथल्या कामातूनच 1909च्या सुमारास त्यांची नळी घडली.

नळीच्या तोंडाला दाते असतात. ती फिरवत फिरवत थेट जमिनीपर्यंत उतरवायची. वर काढल्यावर टोकाशी मातीचं बूच दिसलं, तरच तळ गाठला म्हणायचा. माती खरवडून टाकायची, बर्फासकट नळी ताणकाट्याला लटकवायची आणि रिकाम्या नळीचं वजन वजा करायचं. पुढे यूटाचे जॉर्ज क्लाइड यांनी ॲल्युमिनियमची हलकी नळी आणली. आजच्या प्रमाण नळीच्या तोंडाचा आतला व्यास 1.485 इंच आहे, म्हणून एक औंस बर्फ म्हणजे बरोबर एक इंच पाणी. थंडीनं बोटं बधिर झालेल्या माणसाला एका वजाबाकीपलीकडे आकडेमोड करावी लागू नये, ही केवढी समज!

पण माझ्या मते चर्च यांची खरी झेप वेगळीच आहे. अख्ख्या डोंगरावरचं पाणी मोजायचा हट्ट त्यांनी धरला नाही. ठरलेल्या जागी यंदा सरासरीच्या किती टक्के बर्फ आहे ते पाहायचं आणि त्याच प्रमाणात पाणी येईल असं धरायचं. टाहोची पातळी किती चढेल, हे अशानं आधी सांगता येऊ लागलं.

नंतर बर्फाखाली दाब मोजणाऱ्या उशा आल्या, पण उशी एकाच जागेचं सांगते. उपग्रहांच्या सूक्ष्मलहरी खोल किंवा ओल्या बर्फात चकतात. 2013पासून नासाच्या विमानातलं लेझर कॅलिफोर्नियातली अख्खी खोरी टिपू लागलं. पण त्यातून कळते ती खोली. घनता गणिती प्रारूपांतून काढतात आणि ती पडताळायला नळीनं घेतलेली वजनं कामी येतात.