कोल्हापूर प्रकरण (१८८१-८२) : बनावट पत्रे, जाहीर आरोप आणि माध्यमनीती

गुन्ह्यांच्या सत्यकथा सांगणारे माहितीपट व मालिका गेल्या दशकात भारतीय प्रेक्षकांच्या घराघरांत पोहोचल्या आणि त्यांच्याबरोबर एक जुना प्रश्न नव्याने पुढे आला. न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच एखाद्या व्यक्तीला गुन्हेगार म्हणून लोकांसमोर उभे करण्याचा अधिकार कथनकर्त्याला कोठून प्राप्त होतो? या प्रश्नाची चर्चा बहुधा अमेरिकेतील उदाहरणांच्या आधारे केली जाते. वास्तविक मराठी पत्रकारितेला तो एकोणिसाव्या शतकातच पडला होता, आणि तोही अशा दोन संपादकांच्या संदर्भात, ज्यांच्या सचोटीविषयी कोणासही शंका घेता येणार नाही. बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांना १८८२ मध्ये झालेला तुरुंगवास महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. तो कशासाठी झाला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्या मागे १८७१ मध्ये भोसले कुळातील एका लहान मुलास दत्तक घेण्यात आले; तेच चौथे शिवाजी महाराज. अल्पवयीन राजाचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालू लागला. पुढे महाराजांना वेडाचे झटके येतात असे सरकारतर्फे सांगण्यात येऊ लागले व त्यांच्या हालचालींवर बंधने आली. संस्थानचे कारभारी या वेळी रावबहादूर माधवराव बर्वे हे होते. महाराज मुळात वेडे नसून त्यांना छळून वेडे केले जात आहे, अशी वार्ता पुण्यात पसरली. छत्रपतींच्या गादीवरील तरुण वारस, त्याला कोंडून ठेवणारे गोरे अधिकारी आणि त्यांचा एतद्देशीय हस्तक, असे या कथेचे स्वरूप होते. ती ऐकून पुण्यातील सुशिक्षित तरुणांचे रक्त तापले नसते तरच नवल.

'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला होता व 'मराठा' त्याच्या दोन दिवस आधी. वर्ष सरण्यापूर्वीच या दोन्ही पत्रांनी कोल्हापूरचा प्रश्न हाती घेतला. आरंभीची टीका कारभारावर होती आणि ती कोणत्याही वृत्तपत्राच्या अधिकारात बसणारी होती. परंतु लवकरच काही पत्रे पुढे आली. ती खुद्द बर्वे यांनी लिहिली असून महाराजांच्या जिवावर उठण्याचा कट त्यांतून उघड होतो, असे सांगण्यात आले. पुण्यातील 'ज्ञानप्रकाश' व इतर पत्रांतूनही हा मजकूर आला. संपादकांचा ज्यांच्यावर विश्वास होता अशा मध्यस्थांनी ही पत्रे पुरविली होती. मजकूर अपेक्षेप्रमाणे होता आणि पुरविणारे लोक आपले होते. अक्षर कोणाचे, कागद कोठून आला, मूळ प्रत कोणाच्या ताब्यात आहे, हे प्रश्न मागे पडले. कथा आधी ठरली आणि पुरावा तिच्या मापाने स्वीकारला गेला, असेच या प्रकाराचे वर्णन करावे लागते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चा 'विकारविलसित' हा अनुवाद केला व तो १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेडा ठरविलेला राजपुत्र आणि सत्तेवर बसलेला संशयित पुरुष ही जोडी त्या पिढीच्या वाचनात तयार होतीच. नाटकातील राजपुत्राला सत्य भुताकडून कळते व प्रेक्षकाला त्यावर शंका घेण्याचे कारण उरत नाही. वृत्तपत्राच्या संपादकाला मात्र असे भूत उपलब्ध नसते. आजचा गुन्हेविषयक माहितीपट पार्श्वसंगीत, अंधूक प्रकाश व नटांकरवी केलेले प्रसंगाचे पुनर्निर्माण यांच्या साहाय्याने जे साधतो, ते नाटकाशीच अधिक जवळचे आहे.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला. आरोपी संपादकांविषयी लोकांत मोठी सहानुभूती होती. खटल्यासाठी निधी जमला, नाटकांचे प्रयोगही झाले. जोतीराव फुले यांच्या शब्दावरून रामशेट उरवणे यांनी जामीन भरला. पुढे ज्यांचे मार्ग पूर्णपणे वेगळे झाले अशी माणसे या प्रकरणात एका बाजूस उभी होती, ते छत्रपतींच्या गादीविषयीच्या आदरामुळे.

भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ नुसार केवळ आरोप खरा असणे पुरेसे नव्हते. तो खरा असला पाहिजे आणि त्याची प्रसिद्धी लोकहितासाठी असली पाहिजे, असा पहिला अपवाद होता. सद्भावनेने केलेल्या आरोपालाही काही अपवादांखाली संरक्षण होते. तथापि कलम ५२ ने सद्भावनेची व्याख्या अशी केली होती की, योग्य काळजी व लक्ष यांवाचून केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असे म्हणता येत नाही. आपण अपवादात बसतो हे दाखविण्याचा भार १८७२ च्या पुरावा अधिनियमाने आरोपीवर टाकला होता. म्हणजे मनाचा प्रामाणिकपणा आणि कायद्याची सद्भावना या दोन भिन्न गोष्टी होत्या. टिळक व आगरकर यांच्यापाशी पहिली विपुल होती. दुसरी सिद्ध करण्यासाठी पत्रांचा आधार हवा होता आणि ती पत्रे बनावट निघाली.

संपादकांनी दिलगिरी प्रकट केली. ती शिक्षा टाळण्यास पुरेशी ठरली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांनाही चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. बाहेर त्यांचे जंगी स्वागत झाले. आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले व 'केसरी'ची लोकप्रियता वाढली. खोट्या आरोपाबद्दल झालेली शिक्षा ही लोकस्मृतीत देशसेवेचे पहिले पाऊल म्हणून नोंदली गेली. बर्वे यांच्या बाजूने निकाल लागला होता, पण त्या निकालाचे पुस्तक कोणी लिहिले नाही. आजही या प्रकरणाची हकीकत सांगताना त्यांचा उल्लेख खलपुरुषासारखा होतो. ते कारभारी म्हणून चांगले होते की वाईट, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. वाईट कारभाऱ्यावरदेखील न केलेल्या कटाचा आरोप ठेवता येत नाही.

या प्रकरणाची सर्वांत दुःखद बाजू संपादकांच्या सुटकेनंतर दिसते. २५ डिसेंबर १८८३ रोजी चौथे शिवाजी महाराज अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) मरण पावले. त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेली झटापट त्यांच्या मृत्यूस कारण ठरली. वय अवघे वीस. म्हणजे महाराज सुरक्षित नाहीत ही पुण्याच्या पत्रांची भीती निराधार नव्हती. चुकले ते बोट दाखविण्यात. खरा प्रश्न होता तो इंग्रज सरकारच्या ताब्यातील राजाच्या वागणुकीचा, त्याच्या वेडाची तपासणी कोणी व कशी केली याचा. बनावट पत्रांमुळे सारा वाद एका कारभाऱ्याच्या हस्ताक्षरावर येऊन ठेपला आणि न्यायालयात ते हस्ताक्षर खोटे ठरताच मूळ गाऱ्हाण्याचे वजनही कमी झाले. खोट्या आरोपाची हानी आरोपितापुरती मर्यादित राहत नाही. ज्याच्या न्यायासाठी तो केला जातो त्यालाही ती पोहोचते. ही बाब माध्यमनीतीच्या चर्चेत फारशी येत नाही.

पुढील काळात साधने बदलली, तरी मुंबईच्या उच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहिला. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटाचे प्रदर्शन २००५ मध्ये न्यायालयाने रोखले, कारण टाडा न्यायालयाचा निकाल यावयाचा होता. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले व २३ निर्दोष सुटले. चित्रपट ९ फेब्रुवारी २००७ रोजी पडद्यावर आला. तेवीस माणसांच्या दृष्टीने ही दोन वर्षांची प्रतीक्षा क्षुल्लक म्हणता येणार नाही. त्याउलट २०२४ मध्ये 'द इंद्राणी मुखर्जी स्टोरी : बरीड ट्रुथ' या मालिकेस केंद्रीय अन्वेषण विभागाने हरकत घेतली, तेव्हा न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि खटल्यास बाधक असे काही न आढळल्याने स्थगिती नाकारली. आधी पाहून मग ठरविण्याची ही रीत सरसकट बंदीपेक्षा निश्चितच श्रेयस्कर आहे.

१८ जानेवारी २०२१ रोजी नीलेश नवलखा प्रकरणी दिलेल्या निकालात, एका अभिनेत्याच्या २०२० मधील मृत्यूच्या निमित्ताने झालेल्या वृत्तांकनाचा परामर्श घेताना, याच न्यायालयाने काय टाळावे याची यादी दिली. गुन्ह्याच्या प्रसंगाचे पुनर्निर्माण करून आरोपीने तो कसा केला हे दाखविणे, हे तीत स्पष्टपणे आले आहे. त्या मृत्यूच्या तपासाअंती केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२५ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल सादर केला. तोवर ज्यांच्यावर दूरचित्रवाणीने संशय घेतला होता, त्यांची साडेचार वर्षे गेली होती.

अमेरिकेतील कायद्याचा कल निराळा आहे. 'मेकिंग अ मर्डरर' या २०१५ च्या माहितीपटाविरुद्ध एका पोलिस अधिकाऱ्याने केलेला अब्रुनुकसानीचा दावा २०२३ मध्ये फेटाळला गेला. सार्वजनिक पदावरील व्यक्तीला निर्मात्याची खोटेपणाची जाणीव किंवा सत्याविषयीची बेफिकिरी सिद्ध करावी लागते, ती त्याला करता आली नाही. त्या कसोटीवर टिळक-आगरकर बहुधा सुटले असते, कारण पत्रे खोटी आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. भारतीय कायद्याची कसोटी हेतूची नसून काळजीची आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली व अब्रुनुकसानीची तरतूद कलम ३५६ मध्ये गेली. सद्भावनेची व्याख्या आता कलम २ मध्ये आहे. 'योग्य काळजी व लक्ष' ही अट तीत जशीच्या तशी आहे.