दावोसचा बर्फ कोणी मोजला?

बर्फाचे डोंगर म्हटलं की आपल्याला सिनेमातलं गाणं आठवतं. नायक स्वेटर-मफलरमध्ये आणि नायिका मात्र पातळ शिफॉनच्या साडीत. तिला थंडी कशी वाजत नाही, हा प्रश्न आम्हाला लहानपणापासून पडलेला आहे. आज आपण स्वित्झर्लंडमधल्या दावोस या गावाची गोष्ट ऐकणार आहोत, तिथे त्याचं थोडंफार उत्तर मिळतं.

दावोस 1560 मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडंसंच खाली. पण मुलूख उत्तरेचा, त्यामुळे जानेवारीत सरासरी तापमान शून्याखाली पाच अंशांच्या आसपास. गंमत म्हणजे हिवाळा हा तिथला कोरडा ऋतू. पाण्याचा जोर जास्त असतो तो जून ते ऑगस्टमध्ये, आपल्यासारखाच. हिवाळ्यात चार दिवस वादळ होऊन बर्फ पडतो, मग कितीतरी दिवस आभाळ निळंशार. चहूबाजूंच्या डोंगरांमुळे वारा कमी आणि बर्फावरून परतणारं ऊन अंगावर येतं. हवा कोरडी, म्हणून थंडी हाडात शिरत नाही. (तरीही शिफॉन नको हो!)

या हवेची कीर्ती पसरवली अलेक्झांडर श्पेंगलर या डॉक्टरांनी. 1848-49 च्या बंडात भाग घेतल्यामुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि 1853 मध्ये ते दावोसला गावडॉक्टर म्हणून आले. इथल्या लोकांत क्षय फारसा दिसत नाही, पोटासाठी परमुलखात गेलेले आजारी होऊन परत आले की सुधारतात, हे त्यांनी पाहिलं. 1865 च्या फेब्रुवारीत, ऐन बर्फात, दोन जर्मन क्षयरोगी तिथे आले. एक डॉक्टर, एक पुस्तकविक्रेता. दोघांना बरं वाटलं आणि पुढची पन्नास वर्षं युरोपभरचे रोगी दावोसची वाट चालू लागले. सज्जात खाटा टाकायच्या, लोकरी पांघरुणं घट्ट लपेटायची आणि तासन्‌तास उघड्यावर पडून राहायचं, हा तिथला उपचार. डोंगरहवेची हीच कल्पना पुढे आपल्या पाचगणीलाही आली.

या खाटांवर बायका किती होत्या! शेरलॉक होम्स लिहिणारे आर्थर कॉनन डॉयल दावोसला गेले ते बायकोसाठी. लुईझाला 1893 मध्ये क्षय निघाला. ती विश्रांती घेत होती तेव्हा यांनी नॉर्वेहून लाकडी स्की मागवल्या आणि 1894 च्या मार्चमध्ये गावातल्या ब्रांगर बंधूंबरोबर डोंगर ओलांडून आरोसा गाठलं. त्यावर मासिकात लेख लिहिला आणि एक दिवस शेकडो इंग्रज केवळ स्कीइंगसाठी इथे येतील, असं भाकीतही केलं. ते खरं ठरलं. 1912 मध्ये लेखक थॉमस मान यांची पत्नी काटिया तिथे काही महिने उपचार घेत होती. नवरा जेमतेम काही आठवडे भेटीला आला. पण ‘जादूचा डोंगर’ अशा अर्थाच्या नावाची जगप्रसिद्ध कादंबरी झाली ती त्याची. तिच्या पत्रांतला मजकूर त्या कादंबरीला उपयोगी पडला, हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. आजारपण एकीचं, कीर्ती दुसऱ्याची.

हवेनं क्षय बरा होत नव्हता. विश्रांती आणि सकस अन्न यांनी काहींना आधार मिळाला, कित्येक तिथेच गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि सॅनेटोरियमांची हॉटेलं झाली. तोवर खेळाचा बाजार उभा राहिलाच होता. 1934 च्या नाताळात दावोसच्या उतारावर स्की करणाऱ्यांना वर ओढून नेणारी यांत्रिक दोरी सुरू झाली. रोग्याला विकलेली तीच हवा आता धडधाकट माणसाला विकली जाऊ लागली.

पण गावकऱ्यांना बर्फाचं दुसरं रूप ठाऊक होतं. दावोसजवळ फ्राउएनकिर्ख, म्हणजे ‘माउलीचं देऊळ’, नावाची वस्ती आहे. तिथल्या चर्चची डोंगराकडची भिंत होडीच्या टोकासारखी निमुळती बांधलीय. वरून बर्फाचा लोंढा आला तर दोन्ही बाजूंनी फाटून जावा म्हणून.

हा लोंढा सुटतो कसा? 1936 मध्ये दावोसच्या वर, वाइसफ्लूयोख खिंडीत, काही संशोधक साध्या खोपट्यात हेच शोधायला बसले. तिथे अडीच हजार मीटरवर दोन मीटरहून जास्त बर्फ साचणं नेहमीचंच. त्यांनी बर्फात खड्डे खणले आणि थर तपासले. बर्फाची ती उतरंडच असते. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि रात्री निरभ्र, कडाक्याच्या गेल्या, तर जमीन त्या मानानं ऊबदार आणि वरचा पापुद्रा गोठलेला राहतो. खालची वाफ वर सरकते आणि तळाच्या थराचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. एकमेकांना धरून न राहणारे. मग वायव्येकडून वादळ येतं, त्यावर मीटर-दीड मीटर ताजा बर्फ लादतं. उतरंडीचा खालचा डेरा कच्चा निघाला की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. म्हणजे ते निळं आभाळ, ज्याखाली रोगी पडून राहत, तेच आतून बर्फ पोखरत होतं.

1951 च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमलोंढ्यांनी 98 माणसं घेतली. त्यानंतर उतारांवर अडसर उभे राहिले, रानं राखली, कुठे घर बांधायचं नाही याचे नकाशे झाले. ठिकठिकाणी नेमलेली माणसं रोज सकाळी बर्फाची उंची मोजून कळवतात. 1999 च्या फेब्रुवारीत तसाच मारा झाला, तेव्हा तिथल्या वस्त्यांत आणि रस्त्यांवर 17 जण गेले. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात गाल्ट्यूर गावी मात्र 23 फेब्रुवारीला 31 जण गाडले गेले, तेही नकाशात सुरक्षित मानलेल्या भागात.

आता धोक्याच्या पाच पायऱ्या रोज जाहीर होतात. तिसरी म्हणजे मधली, चालतंय की, असं समजून आखलेल्या वाटेबाहेर जाणारे बरेच असतात. तिसऱ्या पायरीवरच खूप बळी जातात. आणि ज्या लोंढ्यात स्की करणारे सापडतात तो बहुतेक वेळा त्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडवलेला असतो.

सध्या दावोसकरांना दुसराच घोर आहे. हिवाळे उबदार होताहेत, बर्फ उशिरा येतो. म्हणून ते हिवाळ्यातला बर्फ ढिगानं रचून लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पसरून स्कीची वाट तयार करतात. आपल्याकडे लग्नकार्याला बर्फाच्या लाद्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून यायच्या, अगदी तसंच.